जुन्या बाजारातील युनिकॉर्न १५०: मुंबईत घेण्याआधी काय तपासावे

होंडाची युनिकॉर्न ही मोटारसायकल २००४ मध्ये आली आणि २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे नियम लागू होईपर्यंत ती १४९ सीसीच्या, कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या यांत्रिक भागावर) चालणाऱ्या इंजिनासह विकली गेली. त्यानंतर त्याच नावाखाली फ्युएल इंजेक्शनचे १६२.७ सीसीचे इंजिन आले. मुंबईच्या जुन्या बाजारात परवडणाऱ्या किमतीत सापडते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची, म्हणजे युनिकॉर्न १५०, असते आणि हे परीक्षण तिचेच आहे. माझी गाडी २०१८ च्या सुरुवातीची, एमएच-०३ क्रमांकाची, मुलुंडच्या पहिल्या मालकाकडून थेट घेतलेली आहे. नियमित चालवलेली आणि कागदपत्रे पूर्ण असलेली युनिकॉर्न १५० ही रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्या मुंबईकरासाठी आजही चांगली खरेदी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र 'फारच कमी फिरली आहे' हेच जिचे एकमेव आकर्षण म्हणून सांगितले जाते, अशा गाडीपासून निदान या शहरात तरी सावध राहावे.

हे उलटे वाटेल, पण त्याला कारण आहे. मुंबईत गाडी घेणारी अनेक माणसे प्रत्यक्षात लोकलने जातात आणि मोटारसायकल इमारतीच्या आवारात, बहुधा ताडपत्रीखाली, आठवडेच्या आठवडे उभी राहते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि उरलेल्या आठ महिन्यांतही समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा लोखंडाला सोडत नाही. ताडपत्री वरचे पाणी अडवते खरी, पण खालून चढणारी ओल तिच्या आतच कोंडून राहते. अशा गाडीच्या मीटरवर आठ-नऊ हजार किलोमीटर दिसतात आणि घेणारा हरखून जातो. पण तिच्या टाकीला आतून गंज धरलेला असतो, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो, ब्रेकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम होऊ लागलेले असते आणि रबराचे सील कडक झालेले असतात. याउलट, रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीचे इंजिन चाळीस हजार किलोमीटरनंतरही शांत असू शकते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे हा फरक आणखी वाढला आहे. आता पंपांवर सर्रास मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. नव्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनाला टिकतील असे बनवण्याचा टप्पा एप्रिल २०२३ पासून सुरू झाला. २०१८ ची गाडी त्याआधीची आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे गाडी बराच काळ उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी साचू शकते आणि गंजाची सुरुवात तिथून होते. म्हणून टाकीचे झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहावे. धातू स्वच्छ दिसला तर ठीक. तपकिरी पापुद्रे दिसले तर टाकी साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा. टाकीपासून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी वाकवून पाहावी. तिला बारीक भेगा पडल्या असतील तर ती बदलावीच लागते. हे काम अगदी स्वस्त आहे, पण पेट्रोलची गळती गरम इंजिनावर होत असल्यामुळे त्यात चालढकल करू नये.

पुरात बुडालेली गाडी हा मुंबईचा वेगळा विषय आहे आणि विकणारा ते आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. हिंदमाता, शीवचे गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुर्ल्यातील मिठीकाठचा भाग, ही नावे पावसाळ्यात प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असतात, पण या ठिकाणांपासून दूर राहणाऱ्याच्या इमारतीचे आवारही एखाद्या जुलैत कमरेइतक्या पाण्याखाली गेलेले असू शकते. बाहेरून धुऊन पॉलिश केलेल्या गाडीवर त्याची खूण दिसत नाही. ती आत दिसते. बाजूचे पॅनेल काढायला लावावे आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ आहे का ते पाहावे. सीटखालच्या वायरींचे कपलर उघडून पाहावेत. पितळी टोकांवर हिरवट थर असेल तर तिथे पाणी पोचले होते. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची जुनी रेषा राहते. इंजिन ऑइल तपासताना त्याचा रंग दुधाळ दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे, आणि अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी तिचा विचार तिथेच सोडून द्यावा. वायरिंगमध्ये मुरलेले पाणी दर पावसाळ्यात नवी तक्रार घेऊन येते आणि ती शोधता शोधता मेकॅनिकही थकतो.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच होते. मी मुलुंडच्या मालकांना आदल्या दिवशी फोन करून म्हटले होते, "काका, उद्या मी येईपर्यंत कृपया गाडी सुरू करू नका," आणि पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहिला. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे अनेक दोष झाकले जातात. युनिकॉर्न १५० ला सेल्फ आणि किक दोन्ही आहेत, त्यामुळे दोन्हींनी सुरू करून पाहावे. चोक ओढून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू व्हावे आणि मिनिटभरात चोक काढल्यावरही एका लयीत चालत राहावे. त्याच वेळी कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभे करून धूर पाहायला सांगावे. सुरुवातीची पांढरी वाफ लगेच नाहीशी होत असेल तर ती बहुधा साचलेल्या ओलाव्याची असते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. काळा धूर असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त होते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे, आणि हा दोष तुलनेने किरकोळ आहे. आवाजाकडेही लक्ष द्यावे. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, हलकी टिकटिक सेटिंगने जाते. पण इंजिनाच्या बाजूने येणारी सततची खरखर टायमिंग चेनची असू शकते आणि खालून येणाऱ्या ठोक्यासारख्या आवाजाचा अर्थ इंजिन उघडावे लागणार असा धरावा. ज्याला या आवाजांमधला फरक कळत नाही त्याने आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे मोकळ्या मनाने द्यावेत. संपूर्ण खरेदीत याहून सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही.

मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, एवढे मात्र पाळावे.

अपघाताच्या खुणा शोधण्यासाठी गाडी मेन स्टँडवर लावून आधी मागून आणि मग पुढून सरळ रेषेत पाहावी. दोन्ही चाके एका ओळीत दिसली पाहिजेत. पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे. मुंबईच्या खड्ड्यांमुळे कोनसेट जाणे ही सामान्य झीज आहे आणि त्यासाठी सौदा मोडण्याची गरज नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडते, तो चेसिसवरचा लोखंडी अडथळा मात्र नीट पाहावा. तो चेपलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला असेल तर गाडीला समोरून मोठा मार बसलेला आहे. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ऑइलचा ओघळ आहे का, गंजाचे खड्डे पडले आहेत का, हे बोट फिरवून तपासावे, कारण खड्डे पडलेल्या नळीवर नवे सील फार दिवस टिकत नाही. मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक ॲब्सॉर्बर, असल्याने तो तपासणे सोपे आहे: मागच्या सीटवर जोर देऊन सोडावे, सीट एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे, झुलत राहता कामा नये. मागचे चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवले असता चिमटा (मागचे चाक धरून ठेवणारा लोखंडी भाग) खडखडला तर त्याच्या बुशांची झीज झालेली आहे. लिव्हरची टोके, फुटरेस्टचे कोपरे आणि सायलेन्सरची बाहेरची बाजू या तिन्ही ठिकाणी एकाच बाजूला घासल्याच्या खुणा असतील तर गाडी त्या बाजूला पडून घसरली आहे. चेसिसच्या एखाद्याच भागावर ताजा रंग दिसला तर त्याचे कारण विचारायला संकोच करू नये.

मीटरवरचा आकडा खरा आहे की नाही, हे मीटर पाहून कळत नाही. फुटरेस्टचे रबर, गिअर लिव्हरचे रबर, ब्रेकचे पॅडल आणि हँडलच्या मुठी किती गुळगुळीत झाल्या आहेत, हे आकड्याशी ताडून पाहावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काम झाले असेल तर प्रत्येक वेळच्या किलोमीटरची नोंद तिथे असते. मालकाला सोबत नेऊन ती पाहता येते. मुंबईत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे गाडी घरपोच डिलिव्हरीच्या कामाला होती का. हँडलवर मोबाइल होल्डर घट्ट आवळल्याचे व्रण, मागच्या सीटवर पेटी घासल्याच्या खुणा आणि बॅटरीपासून काढलेली चार्जरची जादा वायर ही त्याची चिन्हे आहेत. त्या कामात गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिग्नलला थांबत आणि क्लच दाबत चालते, त्यामुळे किलोमीटरच्या मानाने क्लच प्लेट आणि इंजिन जास्त थकलेले असते. त्या कष्टाच्या कामाबद्दल मला आदरच आहे. फक्त त्या गाडीची किंमत घरगुती वापराच्या गाडीइतकी देऊ नये.

टायर, चेन, ब्रेक आणि बॅटरी या बदलता येण्याजोग्या वस्तू आहेत, म्हणून त्यांच्याकडे सौद्यातल्या वजाबाकीच्या दृष्टीने पाहावे. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' याचा अर्थ तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचा, कडेने तडकलेला टायर पावसात धरत नाही. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) सर्वांत मागच्या बिंदूवरून बोटाने मागे ओढावी. ती दातांपासून ठळकपणे सुटली किंवा दात हुकासारखे वाकलेले असले तर चेनसेट पूर्ण बदलावा लागेल. डिस्कच्या काठाला नख अडकेल एवढा कंगोरा असेल तर डिस्क झिजलेली आहे. बॅटरीसाठी सेल्फ मारताना दिव्याकडे पाहावे. दिवा फारच मंदावला तर बॅटरी दुबळी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि हे मोजायला कुठल्याही इलेक्ट्रिशियनचा मीटर पुरतो. नव्या सुट्या भागांचे दर ऑपेरा हाउसच्या परिसरातील स्पेअर पार्टच्या दुकानांत आधीच विचारून ठेवले तर विकणाऱ्यासमोर अंदाजाने बोलावे लागत नाही.

गाडी चालवून पाहताना केवळ गुळगुळीत रस्ता निवडू नये. वांद्रे-वरळी सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे, किनारी रस्ता आणि अटल सेतू या चारही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आपला रोजचा प्रवास खालच्या, पेव्हर ब्लॉकच्या आणि खणलेल्या रस्त्यांवरूनच होणार असतो. तिथे फोर्क खालपर्यंत आदळतो का, हँडल एका बाजूला ओढते का, हे पाहावे. एखाद्या पुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडावे. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग मात्र तसाच राहिला, तर क्लच घसरतो आहे. इंजिन चांगले गरम झाल्यावर सिग्नलला न्यूट्रल सहज सापडतो का, हेही तपासावे. चालवून परतल्यावर इंजिनाखाली वाकून ऑइलचे ताजे थेंब आहेत का, हे पाहायला विसरू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत मी अजिबात सवलत देत नाही. आरसीवरचा चेसिस क्रमांक हँडलखालच्या नळीवर कोरलेल्या क्रमांकाशी आणि इंजिन क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. कोरलेल्या भागावर कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घ्यावी. खाडाखोड किंवा घासलेली जागा त्यात लगेच उठून दिसते. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची मुदत, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद पाहावी. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत चालते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बँकेचे नाव राहिले असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी मालकाकडूनच काढून घ्यावे. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर थकलेली ई-चलने दिसतात. ती मालकाने आपल्यासमोर भरावीत. परराज्यातील नंबरची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागतो, हे हिशेबात धरावे.

ट्रान्सफरसाठी विकणाऱ्याने फॉर्म २९ च्या दोन प्रतींवर आणि फॉर्म ३० वर सही करावी लागते. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. 'सह्या करून देतो, नावावर सावकाश करा' ही सवलत नसून दोघांनाही अडचणीत टाकणारी गोष्ट आहे, कारण नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक राहतो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. मुलुंडच्या काकांनी स्वतःच ट्रान्सफर लगेच करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्याविषयी माझा विश्वास वाढला. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. पैसे बँकेतून द्यावेत आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या केलेला कागद ठेवावा, म्हणजे आधीच्या चलनांचा आणि नंतरच्या चलनांचा वाद उरत नाही. दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात.

दुकानदाराकडून घ्यायची असेल तर एक प्रश्न आधी विचारावा. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९-सी द्वारे कळवायचे असते. असे अधिकारपत्र दाखवणारा दुकानदार ट्रान्सफरची जबाबदारी घेऊ शकतो. जो ते दाखवत नाही आणि मूळ मालकाशी बोलूही देत नाही, त्याच्याकडची गाडी मी घेतली नसती. दोन दुकाने पाहून झाल्यावर मी थेट मालकाकडे वळलो, त्याचे कारण हेच होते की त्या दुकानांत गाडीचा इतिहास सांगणारा माणूसच समोर नव्हता.

आता गाडीविषयी. मालकांनी ४२ हजार सांगितले होते. मागचा टायर, चेनसेट आणि कोनसेट यांचा खर्च मांडल्यावर सौदा ३८ हजारांवर ठरला. त्या तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात बदलल्या, सोबत ऑइल, एअर फिल्टर आणि पेट्रोलची नळीही बदलली. तेव्हापासून मुलुंड ते वांद्रे-कुर्ला संकुल हा रोजचा प्रवास ती तक्रार न करता करते आहे. लांब आणि सपाट सीट, सरळ बसता येईल असे हँडल आणि खड्ड्यातून जाताना पाठीला सांभाळून घेणारा मागचा मोनोशॉक ही तिची खरी बलस्थाने आहेत. इंजिन खालच्या वेगातही ओढते, त्यामुळे घाटकोपर-कुर्ल्याच्या गर्दीत वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत. ट्रॅफिक धरूनही लिटरला सरासरी चाळीस किलोमीटरच्या वर मिळते. तिची रचना साधी आणि परिचित असल्यामुळे जवळपास कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक तिला हाताळू शकतो, आणि जुनी गाडी घेताना हा गुण वेगापेक्षा फार मोठा आहे.

उणीव एक आहे आणि ती गंभीर आहे. २०१८ च्या या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. पुढे डिस्क असली तरी पहिल्या पावसात, रस्त्यावर ऑइल आणि चिखलाचा थर असताना, ब्रेक फार जपून दाबावा लागतो. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला, आणि त्यानंतर २०२० पर्यंत विकल्या गेलेल्या १४९ सीसीच्या युनिकॉर्नला तो आहे. जुने, साधे इंजिन आणि पुढच्या चाकाला एबीएस असा संयोग त्या थोड्या काळातल्या गाड्यांतच मिळतो. अशा गाड्या बाजारात कमी दिसतात आणि मालक त्यांचे काही हजार जास्त मागतात. ज्याला थोडे थांबता येईल त्याने थांबून, वरचे पैसे देऊन तशीच गाडी शोधावी.